कोयनेच्या कातळाखालचं करिअर

भूकंपशास्त्र म्हटलं की पालकांना वेधशाळेतली एक निवांत सरकारी खुर्ची आठवते. भूकंप झाला की तीव्रता सांगायची, एरवी फाइली चाळायच्या. प्रत्यक्षात या विषयात शिकलेल्या बऱ्याच जणांचा भूकंपाशी रोजचा संबंधच नसतो. जमिनीत काय दडलंय हे न खणता शोधणं हा त्यांचा धंदा. तेल, भूजल, मेट्रोचा बोगदा, धरणाचा पाया, सगळीकडे तेच गणित.

सुरुवात मात्र भूकंपापासूनच करू, कारण त्याचा धडा आपल्या दारात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसर रिश्टर स्केलवर ६.३ च्या धक्क्याने हादरला आणि सुमारे २०० माणसं गेली. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, १९६२ पासून भरू लागला, तेव्हापासूनच लहान धक्के जाणवत होते. साठ्याचं वजन वरून दाबतं, पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला प्रस्तरभंग सरकतो. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांसाठी जगभरचे अभ्यासक आजही कोयनेकडे बघतात. केंद्र सरकारची याच कामासाठीची प्रयोगशाळा कराडला आहे. तिच्या प्रकल्पात कोयनेजवळ गोठणे इथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल विवर पूर्ण झालं. वर सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक.

खोलवर काय चाललंय ते लहरींनी पाहण्याचं हेच शास्त्र कार्बन जमिनीखाली साठवतानाही लागतं. आता तिकडे येऊ. नॉर्वेजवळच्या समुद्रात स्लाइपनर वायूक्षेत्रावर नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड १९९६ पासून खाली सोडला जातो. सुरुवातीची अनेक वर्षं दरवर्षी साधारण १० लाख टन, समुद्रपातळीपासून ८०० मीटरहून खोल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या वालुकाश्मात. तो तिथेच आहे हे कसं कळतं? जहाजातून हवेचे दणके द्यायचे, खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे आणि काही वर्षांनी तेच पुन्हा करायचं. गरोदर बाईची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करतात तसंच. वाळूतल्या पाण्याची जागा वायूने घेतली की लहर मंदावते, आणि जुनं चित्र नव्याशी ताडलं की वायू कुठवर पोचला ते दिसतं. शेलच्या पातळ थरांखाली अडकत, एकावर एक नऊ थरांत तो साठलेला आढळला.

महाराष्ट्राला जवळचा दाखला आइसलँडचा. तिथे पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड २०१२ मध्ये बेसॉल्टमध्ये सोडला. त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिज बनला. आपण तर बेसॉल्टवरच बसलोय, त्यामुळे दख्खनकडे लक्ष जाणारच. पण थरावर थर असलेल्या बेसॉल्टमध्ये लहरी विखुरतात, विरघळलेला वायू त्यांना जवळपास दिसत नाही, आणि खाली दाब वाढवला की काय होऊ शकतं ते कोयनेने दाखवलंय. इथे खरा अभ्यास लागेल, म्हणून माणसंही लागतील.

तरीही स्पष्ट सांगतो, केवळ ‘कार्बन साठवण’ ऐकून कोणी उडी मारू नये. भारतात हा व्यवसाय अजून व्यापारी पातळीवर उभा राहिलेला नाही. मुलाने लहरींचं शास्त्र शिकावं, ते कुठेही विकलं जातं.

काम कसं असतं ते पाहा. पडद्यावर एक आलेख आहे. आधी प्राथमिक लहर येते, दहा सेकंदांनी दुय्यम. त्या फरकाला आठने गुणलं की भूकंपाचं अंतर ढोबळमानाने ८० किलोमीटर. गुणाकार सहावीतलं पोरही करेल. पण पहिली लहर नेमकी कुठून सुरू झाली? तिथे जवळून ट्रक गेलाय, झाड वाऱ्याने हललंय. बोटभर रेघेवर दोन जाणकार वाद घालतात. आता ही निवड संगणक करतो, पण तो चुकला कुठे हे ओळखायला डोळा लागतोच.

म्हणून बारावीनंतर गणित सोडू नका. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून आयआयटी रुरकी, धनबाद, खरगपूर इथे भूभौतिकीचे, म्हणजे भूकंपशास्त्र ज्यात येतं त्या विषयाचे, पदवी अभ्यासक्रम आहेत. नाही जमलं तर बी.एस्सी. भौतिकशास्त्र करून ‘जॅम’ देऊन एम.एस्सी. करता येतं, आयआयटी मुंबईतही. माझ्या मते बहुतेकांसाठी हाच रस्ता बरा, कारण बेत बदलला तरी भौतिकशास्त्राची पदवी हाती राहते. पुढे ‘गेट’मध्ये भूशास्त्र-भूभौतिकीचा पेपर, यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठीची परीक्षा, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसारख्या (एनजीआरआय) संस्थांत संशोधन. तेल कंपन्यांचे पगार चांगले, पण तेलाचे भाव पडले की भरतीही आटते. सरकारी परीक्षांना धीर लागतो. या दोन्हीचा हिशेब आधीच करा.

मुलींचे पालक हमखास विचारतात, रानोमाळ फिरावं लागेल का? थोडंफार लागेल. उपकरण बसवायला डोंगरात जावं लागतं, खड्डा खणून घ्यावा लागतो. बाकी वर्षभर मात्र पायथॉन आणि पडदा.

सुट्टीत एक करून बघा. ऑब्सपाय हे पायथॉनचं मोफत साधन संगणकावर घ्या, जगातल्या कुठल्याही मोठ्या भूकंपाच्या खुल्या नोंदी उतरवा आणि दोन्ही लहरी स्वतः शोधा. पहिले दोन दिवस काहीच कळणार नाही. तिसऱ्या दिवशीही मुलगा जेवायच्या हाकेला ‘आलो’ म्हणून उठत नसेल, तर प्रवेशाचे फॉर्म चाळायला हरकत नाही.