स्ट्रॅटेजीच्या खुर्चीबद्दल

पुणे

चि. मुक्तास,


तुझी मेल पोचली. प्रिन्सिपल इंजिनिअरची जागा सोडून ‘टेक्नॉलॉजी स्ट्रॅटेजी’च्या खुर्चीत बसू का, असं विचारलं आहेस. तुझ्या बाबाने मला आधीच बजावलंय, की पगार वाढतोय, तिथे उगाच फाटे फोडू नकोस. पण फाटे फोडायला नको असते तर तू मला विचारलंच नसतंस.

बैस, खुशाल बैस. फक्त एवढं बघ, की त्या खुर्चीवरून एखादं चालू काम बंद करता येतं का. येत नसेल तर ती स्लाइड करायची नोकरी आहे, नाव काहीही असो. नवीन काय आणावं हे कोणीही सांगतं गं. त्यासाठी जुन्यातलं काय थांबवायचं, आणि त्या कामात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांना समोर बसवून ते कसं सांगायचं, इथे घोडं अडतं.

इंटेलचं १९८५ सालचं प्रकरण तू ऐकलं असशील. मेमरी चिप म्हणजे त्या कंपनीचं मूळ दुकान; जपानी कंपन्यांपुढे ते चालेना. अँडी ग्रोव्ह शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, तेव्हा इंटेलचा प्रेसिडेंट. त्याने सीईओ गॉर्डन मूरना विचारलं, आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करील? मेमरीतून बाहेर पडेल, मूर म्हणाले. मग ते आपणच का करू नये, असं ग्रोव्हचं पुढचं म्हणणं. मॅनेजमेंटच्या वर्गात हा किस्सा इथेच संपवतात. मला त्याच्या मागची हकिकत जास्त आवडते, आणि ती ग्रोव्हनेच लिहून ठेवली आहे. कारखान्याची क्षमता वाटण्याचा तिथे एक नियम होता: ज्या मालावर वेफरमागे, म्हणजे चिपा घडवायच्या सिलिकॉनच्या चकतीमागे, नफा जास्त, त्याला वेफर आधी. मेमरीचा नफा घसरत गेला तसे नियोजन करणारे लोक, कोणी वरून सांगितलेलं नसताना, वेफर मायक्रोप्रोसेसरकडे वळवत राहिले. वर साहेबलोक वाद घालत होते आणि खाली कंपनी केव्हाच निघालेली होती.

तेव्हा गेल्या गेल्या आर्किटेक्चरच्या आकृत्या मागत बसू नकोस, त्या तुला झोपेतही वाचता येतात. माणसं, यंत्रं आणि पैसा कोणत्या नियमाने वाटला जातो ते शोधून काढ. क्लाउडचं बिल कोणाच्या कॉस्ट सेंटरवर पडतं? लायसन्सचं नूतनीकरण कोण सही करून पुढे ढकलतं? फायनान्सच्या माणसाबरोबर रोज जेवायला बसलीस तरी चालेल. इंजिनिअर लोक फायनान्सला नाकं मुरडतात आणि मग आपला प्रकल्प का अडला म्हणून हवालदिल होतात.

आणि खालचं जमिनीवरचं बघणं सोडू नकोस. मी कारखान्याच्या आयटीत असताना महिनाअखेरीला डिस्पॅचच्या गेटवर जाऊन उभी राहायची. ट्रकची रांग रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर टपरीवर, आणि खिडकीतला क्लार्क सिस्टिममध्ये एंट्री करता करता शेजारच्या जाड रजिस्टरात तेच पुन्हा पेनाने लिहितोय. का, तर सिस्टिम एका चलनाला एकच गाडी धरायची आणि माल जायचा दोन गाड्यांत. दुसऱ्या गाडीचा हिशेब फक्त त्या रजिस्टरात. सल्लागारांच्या गुळगुळीत रिपोर्टात त्याचा उल्लेखही नव्हता. नवी ईआरपी सिस्टिम घ्यायची की जुनीच ठीक करायची, हा वाद मी ते रजिस्टर मीटिंगच्या टेबलावर ठेवल्यावर मार्गी लागला.

एमबीए करू का, हाही तुझा प्रश्न. माझं मत, नको. लिसा सू बघ. एमआयटीची डॉक्टरेट; आयबीएममध्ये चिपवरच्या जोडण्या ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या करण्याच्या कामात होती. तांबं सिलिकॉनमध्ये झिरपून चिप बिघडवतं, ते थोपवायचं, असलं किचकट काम. तिथून ती वर्षभर लू गर्स्टनर यांची टेक्निकल असिस्टंट झाली. आयबीएमच्या सीईओच्या शेजारी बसून निर्णय कसे होतात ते बघणं, एवढीच त्या जागेची कमाई. पुढे २०१४ मध्ये ती एएमडी या चिप कंपनीची सीईओ झाली तेव्हा कंपनीची अवस्था नाजूक होती. तिने ताकदवान प्रोसेसरवर भर दिला. झेन डिझाइनचे रायझन प्रोसेसर बाजारात आले ते २०१७ मध्ये, म्हणजे मधली सगळी वर्षं दाखवायला फारसं काही नसताना बोर्डाला आणि ग्राहकांना धरून ठेवायचं होतं. ते वर्ग भरवून शिकवता येत नाही. अशी शेजारची खुर्ची तुला मिळाली, अगदी हुद्दा कमी झाला तरी, तर घे.

आपल्याकडचं पाहायचं तर टीसीएस घडवणारे फकीरचंद कोहली. खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज देणाऱ्या टाटा इलेक्ट्रिकमध्ये लोड डिस्पॅचचं काम त्यांनी उभं केलं. कुठल्या घडीला किती वीज कुठून घ्यायची हा रोजचा धंदा. १९६९ मध्ये ते टीसीएसमध्ये आले, तेही सॉफ्टवेअरचे म्हणून नव्हे, विजेचे इंजिनिअर म्हणून. तुझ्या मैत्रिणी ‘डोमेन बदलू नकोस’ म्हणून घाबरवतात ना, त्यांना हे सांग.

कोडवरचा हात सुटेल. सुटू दे. त्याहून कठीण आहे ती मीटिंगमध्ये चुकीचा आकडा दिसला की सगळ्यांदेखत बोट ठेवायची सवय सोडणं, आणि ती तुला माझ्याकडूनच आली आहे. आकडा दुरुस्त होतो, पण ज्याचा होता तो माणूस पुढच्या वेळी तुझ्यापासून आकडे लपवतो. बाहेर गाठून सांग.

होकार कळवण्याआधी लेखी विचारून घे: तुझ्या सहीने किती रकमेपर्यंत खर्च होईल, तू सीईओला रिपोर्ट करणार की सीआयओला, आणि मागच्या दोन वर्षांत या खात्याने नेमकं काय बंद केलं. शेवटच्या प्रश्नावर ते गडबडले तर मला फोन कर, मग सहीची मर्यादा आपण वाढवून मागू.

तुझी,
आत्या