चालण्याचें मोजमाप

सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या आपल्या अलोरें गांवीं लहानथोर सारेच रोज चढउतार तुडवितात. परंतु आपण कसे चालतों याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. एखादा लंगडूं लागला म्हणजे मात्र, ज्या पायाचें पाऊल तोकडें पडतें तोच दुखत असावा, असें आपण ठरवून टाकतों. हा तर्क कितपत खरा, तें मोजून पाहूं.

एका पायाची टांच जमिनीस टेकल्यापासून तीच टांच पुनः टेकेपर्यंत चालण्याचें एक चक्र होतें. त्याचे शंभर भाग कल्पिले तर निरोगी मनुष्याचा पाय सुमारें ६० भाग जमिनीवर व ४० भाग अधांतरी असतो. मधून मधून दोन्ही पाय जमिनीवर असतात. धांवतांना असा क्षण येतच नाहीं.

हें ज्ञान मापनानें मिळालें. फ्रान्समधील मारे या शास्त्रज्ञानें १८८२ सालीं एकाच कांचेवर हालचालीचीं अनेक छायाचित्रें लागोपाठ घेण्याची युक्ति काढली. आतां कॅमेरे सांध्यांवर लावलेल्या चकाकत्या खुणा टिपतात, व जमिनींत बसविलेला तक्ता पायाचा भार क्षणोक्षणीं नोंदतो. पुण्यास १९४४ सालीं स्थापन झालेल्या कृत्रिम अवयव केंद्रासारख्या संस्थांत पाय गमावलेल्यांस नवा पाय मिळतो. तो नीट बसला कीं नाहीं हें पाहतांना दोन्ही पावलांची तुलना उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांना साधा प्रयोग घरींहि करतां येईल. सपाट अंगणांत तांबडी माती पसरून अनवाणी बारा पाउलें चाला. पहिलीं दोन व शेवटचीं दोन सोडून द्या, कारण तेथें वेग सारखा नसतो. मग एका टांचेपासून पुढच्या टांचेपर्यंतचें अंतर मोजा. जो पाय पुढें, त्याचें तें पाऊल. मिनिटास १०० पाउलें पडलीं व प्रत्येक ६५ सेंटिमीटर भरलें, तर वेग मिनिटास ६५ मीटर झाला.

आतां मूळ प्रश्न. दुखरा पाय भार फार वेळ सोसत नाहीं. म्हणून चांगला पाय घाईनें खालीं टेकावा लागतो, व बहुधा त्याचेंच पाऊल तोकडें पडतें! डोळ्यांनीं निरपराध्यास दोषी ठरविलें होतें.

यास्तव मूल लंगडत असेल तर पालकांनीं त्यास आळशी म्हणूं नये. दोन्ही पावलांचीं मापें लिहून ठेवावीं व त्यास डॉक्टरांकडे न्यावें. निर्णय देण्यापूर्वीं मोजावें, हाच शास्त्राचा पहिला धडा होय.