रणगाड्याचे अंतरंग आणि त्यातील पाच माणसे
(एका प्रतिकृतीच्या निमित्ताने इतिहासाचा पाठ)

शाळेच्या प्रदर्शनात इतिहास विभागाच्या टेबलावर आम्ही रणगाड्याची प्रतिकृती मांडली, तेव्हा एका पालकांनी आम्हाला थांबवून विचारले, "सर, बुद्धाचं नाव घेणाऱ्या शाळेत रणगाडा कशाला?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी गर्दीत आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "दादा, डावीकडची भिंत उघडून आत बघा." त्यांनी भिंत उघडली आणि बराच वेळ ते वाकून पाहत राहिले. त्यांना तेव्हा न दिलेले सविस्तर उत्तर म्हणजे हा लेख होय.

प्रतिकृतीसाठी आम्ही अमेरिकेचा एम४ शर्मन रणगाडा निवडला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, असे सुमारे ४९,००० रणगाडे तयार झाले. भारताशीही त्याचा संबंध आहे. १९४५ साली ब्रह्मदेशातील मेइक्तिलाच्या लढाईत भारतीय रेजिमेंटांनी शर्मन चालवले आणि सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट शर्मन घेऊनच लढली. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून अनेक मुले सहलीला अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात जातात. तेथे ती रणगाड्याची तोफ पाहतात, पट्टे पाहतात, शेजारी उभी राहून छायाचित्र काढतात. मात्र पोलादाच्या आत कोण बसत होते, हा प्रश्न बाहेरून पाहताना सहसा सुचत नाही. तो सुचावा म्हणूनच आम्ही अंतरंगाची प्रतिकृती करण्याचे ठरवले.

प्रमाण कसे ठरवले

छंद म्हणून प्रतिकृती करणारे लोक बहुधा १:३५ हे प्रमाण वापरतात. हा विचित्र वाटणारा आकडा कोठून आला, याची कथा रंजक आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी मोटारीवर चालणारा पँथर रणगाड्याचा संच काढला. आत बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, तेव्हा प्रमाण १:३५ निघाले. पुढे तेच रूढ झाले. या प्रमाणात शर्मनची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर भरते आणि उभा माणूस ५ सेंटिमीटरचा होतो. वसतिगृहातील चाळीस मुलांना एकाच वेळी दाखवण्यासाठी हे फार लहान. म्हणून आम्ही १:१० हे प्रमाण घेतले. त्यात गणितही सोपे होते: मीटरचे डेसिमीटर करायचे, एवढेच.

मूळ रणगाडा ५.८९ मीटर लांब, २.६२ मीटर रुंद आणि २.७४ मीटर उंच. आमची प्रतिकृती सुमारे ५९ सेंटिमीटर लांब, २६ सेंटिमीटर रुंद आणि २७ सेंटिमीटर उंच झाली. समोरचे चिलखत ५१ मिलिमीटर जाडीचे, म्हणून तेथे ५ मिलिमीटरचा सनबोर्ड लावला. बाजूचे चिलखत ३८ मिलिमीटरचे, तेथे पुठ्ठ्याचे थर देऊन जवळपास ४ मिलिमीटर जाडी साधली. पोलादाची भिंत बोटाने चाचपून पाहताना एका मुलीने विचारले, "एवढंच?" तीस टनांच्या यंत्रातही माणसाच्या पाठीमागे बाजूला चार बोटांपेक्षा कमी पोलाद होते, ही गोष्ट आकडा पाठ करून तिला कधीच कळली नसती.

बाहेरचे रूप, आतले कारण

शर्मन उंच दिसतो. त्याचे कारण बाहेरून कळत नाही. आत शिरल्यावर कळते. मागच्या बाजूला नऊ सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि मूळचे विमानाचे इंजिन होते. त्याचे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार मांडलेले असत, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. गिअरबॉक्स मात्र पुढच्या टोकाला होता. इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणारा लांब दांडा माणसांच्या पायांखालून जात असे. दांड्याच्या वर माणसे बसवायची म्हटल्यावर छप्पर वर न्यावेच लागले. आम्ही कागदाची घट्ट नळी करून तो दांडा आधी बसवला आणि मगच त्यावर बैठका रचल्या. ज्या क्रमाने अडचणी आल्या, त्याच क्रमाने प्रतिकृती बांधावी, म्हणजे प्रत्येक वस्तू तेथे का आहे हे समजते, असा आमचा अनुभव आहे.

आत पाच माणसे. पुढे डावीकडे चालक आणि उजवीकडे मशीनगन सांभाळणारा सहचालक. वरच्या फिरत्या बुरुजात तिघे: तोफेच्या उजवीकडे नेम धरणारा गनर, त्याच्या मागे कमांडर आणि तोफेच्या डावीकडे गोळे भरणारा लोडर. बुरुजाच्या मागच्या कोनाड्यात बिनतारी संच. बुरुजाला खाली टोपलीसारखी जमीन जोडलेली असे व ती त्याच्याबरोबर फिरत असे.

तोफगोळे ९७. गोळ्याचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणजे आमच्या प्रमाणात साडेसात मिलिमीटर. साधी पेन्सिल जवळपास एवढीच जाड असते. मग वसतिगृहभर हाक गेली आणि मुलांनी झिजलेल्या पेन्सिलींचे तुकडे आणून दिले. टोकाला काळा रंग दिलेले चिलखतभेदी गोळे आणि हिरवट रंगाचे स्फोटक गोळे, तर मागचा भाग पितळी. यांपैकी पुष्कळसे गोळे पट्ट्यांच्या वर, बाजूच्या भिंतींना लागून असलेल्या कप्प्यांत ठेवलेले असत. कप्पे भरून झाल्यावर मुले गप्प झाली. जेथे भिंत सर्वांत सहज भेदली जाई, तेथेच दारूगोळा होता.

रंग

आतील भिंती पांढऱ्या रंगवाव्यात. अंधाऱ्या जागी थोडाफार उजेड परतावा, हा त्यामागील हेतू. मात्र झाकणांच्या आतील बाजूला पांढरा लावू नये. ती बाहेरच्यासारखीच हिरवट असे. झाकण उघडल्यावर पांढरा रंग दुरून दिसला, तर शत्रूला ठिकाण कळेल. पांढरा कोठे आणि हिरवा कोठे, एवढ्यावरूनही आत बसलेल्या माणसाची भीती वाचता येते. जमिनीवर, पावले पडतात तेथे रंग थोडा घासून काढावा. बाकी ठिकाणी उगाच डाग पाडू नयेत.

खडूचे वर्तुळ

सर्वांत मोठा धडा प्रतिकृतीबाहेर घडला. बुरूज ज्या कड्यावर फिरतो, त्याचा व्यास १.७५ मीटर. आम्ही सभागृहाच्या फरशीवर दोरी व खडूने तेवढे वर्तुळ काढले. एक मुलगा आडवा झाला, तर डोके एका कडेला व पाय दुसऱ्या कडेला लागले. त्या वर्तुळाच्या मधोमध तोफेचा मागचा भाग म्हणून एक बाक ठेवला आणि तिघांना आपापल्या जागी बसवले. वर्तुळाच्या उजव्या मागील भागात एक चौकोन आखला; ते बाहेर पडण्याचे झाकण. मग आम्ही म्हणालो, "आग लागली. बाहेर पडा."

कमांडर झालेला मुलगा लगेच उठला. त्याच्यामागून गनर निघाला. लोडर झालेला आठवीतला मुलगा बाकाच्या पलीकडे होता. त्याला वाकून, बाकाला वळसा घालून, दोघांच्या मागे थांबावे लागले. तो खाली बसूनच म्हणाला, "सर, माझं दार कुठंय?"

त्याचे दार नव्हते. सुरुवातीच्या शर्मनमध्ये बुरुजात तिघांसाठी एकच झाकण होते. दर वेळी साधारण नऊ किलोंचा गोळा उचलून तोफेत घालणारा, हुद्द्याने बहुधा साधा शिपाई असलेला हा माणूस सर्वांत शेवटी बाहेर पडे. चालक व सहचालकांना स्वतःची झाकणे होती. पण तोफ विशिष्ट कोनात वळलेली असली, तर त्यांचीही झाकणे अडत. सहचालकाच्या मागे जमिनीत आणखी एक आपत्कालीन झाकण होते, तरी बुरुजातून तेथवर पोहोचणे आगीत सोपे नव्हते.

पुढे हे बदलले. १९४३च्या अखेरीपासून बुरुजावर लोडरसाठी वेगळे झाकण येऊ लागले. दारूगोळ्याच्या कप्प्यांसमोर बाहेरून जादा पोलादी पत्रे जोडण्यात आले: उजवीकडे दोन, डावीकडे एक. आज एखाद्या जुन्या शर्मनवर तसा पत्रा दिसला, तर त्याच्यामागे आत काय होते, हे आपण बाहेरूनच सांगू शकतो. १९४४पासून गोळे बाजूच्या भिंतींवरून काढून तळाशी, पाणी व ग्लायकॉल भरलेल्या कप्प्यांमध्ये ठेवले जाऊ लागले. अमेरिकी लष्कराच्या १९४५च्या अभ्यासानुसार, चिलखत भेदले गेलेल्या जुन्या पद्धतीच्या शर्मनपैकी ६० ते ८० टक्के पेटत. नव्या पद्धतीच्या रणगाड्यांत हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर आले. कोणीतरी जळालेल्या रणगाड्यांची मोजदाद केली, म्हणून हे झाले.

दार कापावे की नाही

आमचा रणगाडा १९४३च्या सुमाराचा, लोडरचे झाकण येण्यापूर्वीचा. बुरुजाचे छप्पर बसवायच्या आदल्या संध्याकाळी तोच मुलगा कटर घेऊन आला. "सर, मी दार कापतो. छोटंसं. कुणाला कळणार नाही." मुलांत दोन पक्ष पडले. काहींचे म्हणणे, आपल्या हातात आहे तर त्या माणसाला दार का देऊ नये? दुसरे म्हणाले, नव्हते ते कसे दाखवायचे?

आम्हालाही क्षणभर मोह झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते दार आपण कापले असते, तर त्याच्यावाचून जे जळाले त्यांची नोंद आपणच पुसली असती. पाहणाऱ्याला वाटले असते की, पहिल्यापासून सर्व काही ठीक होते. अन्याय झाला त्या जागी तो तसाच दाखवणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य होय. कलिंगाच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख हलवली गेली, असे स्वतःच कोरून ठेवले. आकडे लपवले असते, तर त्याचा पश्चात्तापही आपल्यापर्यंत पोहोचला नसता.

शेवटी मुलांनीच मार्ग काढला. बुरुजाची दोन छप्परे केली. एक बसवलेले, एकाच झाकणाचे. दुसरे, लोडरच्या झाकणासह, शेजारी ठेवलेले. दोहोंवर साल लिहिलेले. पाहणाऱ्याने पहिले छप्पर उचलून दुसरे ठेवून पाहावे. त्या मुलाने दुसरे छप्पर स्वतः कापले आणि त्याचे झाकण उघडेल-मिटेल असे कापडी पट्टीवर बसवले.

प्रतिकृती करू इच्छिणाऱ्यांस सूचना

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आता स्वतः शिक्षक किंवा पालक आहेत, म्हणून थोडे व्यवहाराचे. प्रथम साल ठरवावे, कारण एकाच नावाचा रणगाडा दरवर्षी बदलत गेला. मग माणसे बनवावीत आणि बैठका त्यांच्या मापाने कराव्यात. आधी यंत्र केले, तर माणसे आत मावत नाहीत. सर्व भाग चिकटवण्यापूर्वी एकदा कोरडे जुळवून पाहावे. आतील रंगकाम छप्पर बसवण्यापूर्वी पूर्ण करावे. एक भिंत पुस्तकाच्या बांधणीच्या कापडाने बिजागरीसारखी जोडावी, म्हणजे केलेले काम कायमचे बंद होत नाही. आम्ही डावी भिंत निवडली, कारण लोडर डावीकडे बसतो.

ज्या पालकांनी प्रश्न विचारला, ते जाताना दुसरे छप्पर हातात घेऊन उभे होते. ते त्यांनी बुरुजावर ठेवले, छोटे झाकण उघडले, मिटले आणि पुन्हा उघडले. मग आपल्या मुलीला जवळ बोलावून म्हणाले, "हे बघ, हे नंतर झालंय."