टपाल तिकीट आणि संतपद



४ सप्टेंबर २०१६ रोजी रोममध्ये तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी मदर तेरेजा यांना संत म्हणून घोषित केले. त्याच दिवशी मुंबईत, अंधेरीच्या डिव्हाईन चाइल्ड शाळेत, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर स्मारक तिकीट प्रकाशित केले. एकाच दिवशी हे दोन सन्मान झाले. त्यांतील फरक आज समजून घेऊ या.

टपाल तिकीट ही देशाची कृतज्ञता असते. मदरवर १९८० सालीही, त्या हयात असताना, तिकीट निघाले होते. जिवंत व्यक्तीला हा मान सहसा मिळत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यासारख्या मोजक्यांनाच तो मिळाला. स्कोपिये येथे १९१० साली जन्मलेल्या या धर्मभगिनीला आपल्या देशाने आपलेच मानले, याचा आपल्याला आनंद आहे.

ख्रिस्तसभा मात्र मृत्यूपर्यंत थांबते. ५ सप्टेंबर १९९७ रोजी मदर देवाघरी गेल्या. २००३ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि त्यानंतर तेरा वर्षांनी संत. त्यांचे जीवन, त्यांचे लेखन आणि त्यांच्या मध्यस्थीने घडलेले दोन चमत्कार यांची कसून चौकशी झाली. देवाने एखाद्याच्या जीवनात जे केले, त्याची ख्रिस्तसभा साक्ष देते. म्हणून आपण आराधना देवाचीच करतो. संतांचा आदर करतो व त्यांची मध्यस्थी मागतो.

तिकीट पाकिटावर असते, मजकूर आत असतो. मदरची खाजगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. कितीतरी वर्षे त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती, प्रार्थना कोरडी वाटत होती. तरी रोजची मिस्सा चुकली नाही, मरणासन्न माणसांची सेवा थांबली नाही.

आपल्यातही कोणाचे दुःख मोठे असते. प्रार्थनेला बसले तरी मन लागत नाही. 'माझी श्रद्धाच गेली' असे वाटते. अशा वेळी मदरची पत्रे आठवू या. काही जाणवत नसतानाही देवाला धरून राहणे, हीच श्रद्धा.

संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय ३) श्रद्धावंतांना ख्रिस्ताचे पत्र म्हणतो. वहीत जपून ठेवलेले तिकीट कुठेच पोहोचत नाही. पत्राला लागलेले तिकीटच कोणाच्या तरी दारी जाते. जुन्नर, मंचर, घोडेगावच्या कितीतरी घरांत मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली आहेत आणि म्हातारे आईवडील मागे एकटे आहेत. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अशा एका दारी जावे, घटकाभर बसावे, त्यांचे ऐकावे.

कोलकात्याच्या संत तेरेजा, आम्हांसाठी विनंती कर.