विज्ञानकादंबरी आणि परिभाषेचे अध्यापन

पारिभाषिक संज्ञा कोशात नोंदली जाते; जगते ती वापरात. महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीत बहुधा इंग्रजी संज्ञांकडे वळतो आणि पूर्वी शिकलेले शब्द मागेच राहतात. त्यांच्या व्याख्या पाठ झालेल्या असतात, परिचय झालेला नसतो. हा परिचय घडविण्याचे एक साधन म्हणून विज्ञानसाहित्याचा विचार व्हावयास हवा.

डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली. या शीर्षकाचा केवळ विग्रह केल्यास ‘काळा खड्डा’ एवढाच, आणि तोही फसवा, अर्थ हाती येतो. ‘मुक्तिवेग’ कळल्यावाचून ही संज्ञा उलगडत नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून कायमचे सुटण्यास सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर वेग लागतो. सूर्याचे सारे वस्तुमान सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येत सामावले, तर हा वेग प्रकाशवेगाएवढा होईल आणि आतून प्रकाशही बाहेर पडणार नाही. सारांश, संज्ञा एकटी नसते. तिला तिचा गोतावळा असतो.

कादंबरीत हा गोतावळा अधिक काळ नांदतो. नारळीकरांच्याच ‘वामन परत न आला’ या कादंबरीतील वामन हा यंत्रमानव आहे. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकामुळे रूढ झाला. त्याचे मूळ वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दात आहे. मराठी ‘यंत्रमानव’ वेठ विसरतो आणि मानवाशी असलेले साम्य पुढे आणतो. ‘वामन’ म्हणताच बळीकडे तीन पावले भूमी मागणारा बटू आठवतो. या तीन नावांतून यंत्राविषयीच्या तीन भूमिका प्रकट होतात. वर्गात चर्चेला आरंभ येथूनच करावा.

अध्यापनाचा क्रमही बेताचा असावा. प्रथम कोशाविना वाचन, मग संदर्भावरून अर्थाचा तर्क, त्यानंतर कोशाशी पडताळा, आणि शेवटी त्या संज्ञा योजून स्वतंत्र परिच्छेदलेखन. मात्र रूढ संज्ञा आणि लेखकाने कल्पिलेले शब्द यांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्यात. अन्यथा कल्पनेलाच विद्यार्थी सिद्धान्त समजेल. ही विवेकबुद्धी जागी झाली, तर परिभाषेबरोबर विज्ञानही शिकविले गेले, असे म्हणता येईल.