मुकुट की शिरस्त्राण? : मध्ययुगीन राजे रणांगणात काय घालत?

मागील घटकात आपण पाहिले की शब्दाचा अर्थ आणि त्या शब्दाने निर्देशित होणारी वस्तू यांचे नाते स्थिर नसते. ऐतिहासिक मजकुराचे भाषांतर करताना हा मुद्दा विशेष अडचणीचा ठरतो. या घटकात आपण एकच प्रश्न घेणार आहोत : मध्ययुगातील इंग्लंडचे व स्कॉटलंडचे राजे लढाईत मुकुट घालत होते काय? प्रश्न इतिहासाचा वाटेल. परंतु त्याचे उत्तर ‘मुकुट’ या शब्दाची उकल केल्याशिवाय मिळत नाही.

मराठी वाचकाच्या मनात ‘मुकुट’ म्हणताच पौराणिक नाटकातला, कळसासारखा चढत गेलेला, रत्नजडित मुकुट उभा राहतो. असा मुकुट घालून घोडा दौडवणारा राजा हास्यास्पद वाटतो आणि आपण चटकन ‘नाही’ असे उत्तर देऊन मोकळे होतो. उत्तरपत्रिका तपासताना हे मी अनेकदा पाहिले आहे. याउलट काही विद्यार्थी चित्रपटांवर विसंबून तितक्याच चटकन ‘होय’ म्हणतात. दोघांचीही चूक एकच आहे. त्यांनी वस्तू न पाहता शब्दावरून निर्णय दिला.

शब्दांची उकल

युरोपातील बखरकारांनी वापरलेला लॅटिन शब्द ‘कोरोना’. अलीकडच्या महासाथीमुळे तो आपल्या घराघरांत पोहोचला. त्या विषाणूला हे नाव मिळाले ते त्याच्याभोवतीच्या मुकुटासारख्या कड्यामुळेच. या शब्दाचा जुना अर्थ डोक्यावर घालायची माळ किंवा पानांचे कडे असा आहे. पराक्रमी रोमन सैनिकाला बहुमान म्हणून असे कडे मिळे. दुसरा शब्द ‘डायडेमा’ हा मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘भोवती बांधलेली पट्टी’ असा होतो. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी उंची नाही, वर्तुळ आहे. आपला ‘शिरस्त्राण’ हा शब्द मात्र सरळ कार्य सांगतो : शिराचे त्राण, रक्षण. ‘जिरेटोप’ या शब्दातही फारसीतील साखळी-चिलखताचा वाचक ‘जिरह’ दडलेला आहे. जेवणातल्या जिऱ्याशी त्याचा संबंध नाही!

हा भेद ध्यानात घेतला की पुराव्यातील विसंगती बरीचशी मिटते. राज्याभिषेकाचा मुकुट वेगळा आणि शिरस्त्राणावर बसवलेले सोन्याचे कडे वेगळे. बखरकार दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो.

पुरावा

पहिले उदाहरण बॅनकबर्नचे. २३ जून १३१४ रोजी, मुख्य लढाईच्या आदल्या दिवशी, हेन्री द बोहन हा इंग्रज सरदार स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावर एकटाच चालून गेला आणि ब्रूसच्या कुऱ्हाडीच्या एका घावाने ठार झाला. जॉन बार्बर याने सुमारे साठ वर्षांनंतर रचलेल्या काव्यात ब्रूसच्या मस्तकाचे वर्णन थरांनी येते : खाली पोलादी शिरस्त्राण, त्यावर कठीण केलेल्या चामड्याची टोपी आणि तिच्यावर, हा राजा आहे हे कळावे म्हणून, उंच मुकुट. या वर्णनात मुकुट रक्षण करीत नाही, तो ओळख पटवतो. आणि शत्रूलाही ती ओळख तितकीच उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण नेमके उलटे आहे. २१ जुलै १४०३ रोजी श्रूजबरी येथे चौथ्या हेन्रीच्या बाजूने राजचिन्हे धारण केलेले इतर योद्धे रणात होते. सर वॉल्टर ब्लाउंट याला राजा समजून मारले गेले, असे बखरी सांगतात. त्याच लढाईत सोळा वर्षांच्या युवराजाच्या चेहऱ्यात बाण रुतला. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने तो पुढे काढला.

हाच युवराज पाचवा हेन्री म्हणून २५ ऑक्टोबर १४१५ रोजी अॅजिनकोर्टला उभा राहिला, तेव्हा त्याच्या शिरस्त्राणावर सोन्याचे मौल्यवान कडे होते. इंग्रजांच्या बाजूला उपस्थित असलेल्या ल फेव्र याने त्याचे वर्णन केले आहे. लढाईत राजाच्या मस्तकावर घाव बसला आणि कड्याचा काही भाग तुटला. शिरस्त्राणामुळे जीव वाचला. विशेष म्हणजे त्याच दिवशी इंग्रजांचे सामान लुटले गेले, त्यात राजाचा एक मुकुट गेला. एक मुकुट डोक्यावर, दुसरा सामानात! आपला भेद इथे प्रत्यक्ष दिसतो. (वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये जपलेले हेन्रीचे शिरस्त्राण मात्र या वादात पुरावा म्हणून आणू नये. ते क्रीडायुद्धाच्या प्रकारचे असून त्याच्या अंत्यविधीशी जोडलेले आहे.)

बाणाची जखम चेहऱ्यावर वागवणाऱ्या माणसाने स्वतःला असे ठळक का केले असेल? राजा दिसेनासा झाला की ‘राजा पडला’ ही हूल उठते आणि फळी फुटते. मला वाटते, हेन्रीने जीव धोक्यात घालून सैन्याचा धीर विकत घेतला. त्याच्या वडिलांनी तोच व्यवहार दुसऱ्यांच्या जीवावर केला.

हा व्यवहार प्रत्येक वेळी फळत नाही. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड मारला गेला. क्रोलंडची बखर त्या दिवशी त्याच्या मस्तकी ‘डायडेमा’ असल्याचे सांगते, आणि रणातील लुटीत सापडलेला मुकुट तिथेच विजयी हेन्री ट्यूडरच्या डोक्यावर ठेवला गेला. तो काटेरी झुडपात अडकलेला सापडला, ही कथा समकालीन लेखनात नाही. २०१२ साली लेस्टर येथील वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा मिळाला. मृत्यूच्या सुमारास झालेल्या अकरा जखमांपैकी नऊ कवटीवर आहेत. म्हणजे शेवटच्या क्षणी डोक्यावर शिरस्त्राण राहिले नव्हते, आणि त्यावर बसवलेले कडेही गेले असणार.

स्वयं-अध्ययन

‘राजा मुकुट घालून लढला’ हे वाक्य वरील तीन राजांपैकी प्रत्येकाच्या संदर्भात असे पुन्हा लिहा की वस्तू नेमकी कोणती ते वाचकाला कळेल. ‘मुकुट’, ‘कडे’, ‘शिरस्त्राण’ यांपैकी कोणता शब्द कुठे निवडला आणि का, हे प्रत्येक वाक्याखाली दोन ओळींत नोंदवा.