फोटोंचं बियाणं दोन ठिकाणी ठेवूया



या वेळचा पाठ फोटो जपून ठेवण्याचा आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मागच्या पावसाळ्यात बऱ्याच जणींचे फोन भरले होते. "जागा नाही" असं दिसायचं आणि नवा फोटो निघायचा नाही. मी म्हटलं, "ऑफिसच्या हार्ड डिस्कवर तुमचे सगळे फोटो घेते, मग फोनमधले काढून टाका." सहा गटांतल्या ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि तसंच केलं. दोन महिन्यांनी डिस्क चालू असताना वायरीत माझाच पाय अडकला आणि ती टेबलावरून फरशीवर पडली. परत जोडली तर आतून नुसतं टक-टक वाजायचं. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि "काही निघत नाही" म्हणून परत दिली.

शेवयांचं मशीन आलं त्या दिवसाचे फोटो गेले. पहिल्या प्रदर्शनातल्या स्टॉलचे गेले. एका ताईंच्या आईचा शेवटचा फोटो त्यातच होता, तोही गेला. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, आम्ही बियाणंसुद्धा सगळं एका मडक्यात ठेवत नाही."

आजचा पाठ त्यांनीच शिकवला आहे. फोनमधून काढून डिस्कवर टाकलेला फोटो सुरक्षित होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. एकच फोटो दोन ठिकाणी असेल, तेव्हाच त्याला बॅकअप म्हणायचं.

हार्ड डिस्क म्हणजे काय?

वहीएवढी किंवा त्याहून लहान डबी असते, वायरीने कॉम्प्युटरला जोडायची. साध्या हार्ड डिस्कमध्ये गोल चकती वेगाने फिरते आणि तिच्यावर एक बारीक सुई अगदी जवळून, न टेकता सरकत असते. चालू असताना डिस्क पडली तर सुई चकतीवर आपटते. आमच्या डिस्कचं तेच झालं. एसएसडी नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात फिरणारं काही नसतं, म्हणून ती धक्का जास्त सोसते, पण तेवढ्याच जागेला महाग पडते. पेन ड्राइव्ह फोटो इकडून तिकडे न्यायला ठीक आहे. वर्षानुवर्षं जपायच्या फोटोंसाठी त्याच्यावर विसंबू नका.

केवढी घ्यायची?

हिशेब सोपा आहे. मोबाईलचा एक फोटो साधारण ४ एमबीचा धरा. १ जीबीत असे २५० फोटो बसतात. गटात १२ जणी आणि प्रत्येकीचे २,००० फोटो धरले तर २४,००० फोटो झाले, म्हणजे जवळपास १०० जीबी. व्हिडिओ जास्त जागा खातात, एका मिनिटाला १०० एमबीसुद्धा लागतात. तरी ५०० जीबी किंवा १ टीबीची (म्हणजे १,००० जीबीची) डिस्क एका गटाला बरीच वर्षं पुरेल.

विकत घेताना दोन दुकानांत भाव विचारा आणि पक्की पावती घ्या. ऑनलाइन "१६ टीबी अगदी स्वस्तात" असं दिसलं तर घेऊ नका. अशा डिस्क बहुतेक खोट्या असतात. वर आकडा मोठा दाखवतात आणि आत जागाच नसते.

फोटो डिस्कवर घेण्याची पद्धत

१. शक्यतो लॅपटॉप वापरा. मध्येच लाइट गेली तरी बॅटरीवर काम चालू राहतं.

२. फोन वायरीने जोडा. फोनवर पर्याय आला की "फाइल ट्रान्सफर" निवडा.

३. फोनमध्ये "डीसीआयएम" नावाचं फोल्डर असतं. त्यात "कॅमेरा" उघडा. आपण काढलेले फोटो बहुतेक तिथेच असतात.

४. डिस्कवर नवीन फोल्डर करा. नावात वर्ष आधी, मग महिना, मग विषय लिहा. उदाहरणार्थ "२०२४-०८ पापड प्रशिक्षण". पुढे शोधताना वेळ जात नाही.

५. फोटो निवडून "कॉपी" करा आणि डिस्कवर "पेस्ट" करा. "कट" करू नका. कट केलं आणि मध्येच वायर सुटली तर फोटो ना इकडे ना तिकडे, अशी गत होऊ शकते.

६. झाल्यावर दोन्हीकडचे फोटो मोजा. फोल्डरवर उजवं बटण दाबून "प्रॉपर्टीज" पाहिलं की आकडा दिसतो. डिस्कवरचे पाच-सहा फोटो उघडूनही बघा.

७. "इजेक्ट" करूनच वायर काढा.

हेच सगळं दुसऱ्या डिस्कवर पुन्हा करा. दोन्ही डिस्कवर फोटो उघडतात याची खात्री झाल्यावरच फोनमधले काढायचे असतील तर काढा.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो कमी दर्जाचा होऊन येतो. बॅनर किंवा पाकिटावर छापायला गेलं की तो धूसर दिसतो. छापायचा फोटो पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

दुसरी डिस्क कुठे ठेवायची?

गटाची पेटी एकीकडे आणि चावी दुसरीकडे ठेवायची आपल्याला सवय आहे. तसंच इथे करा. दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर पाणी शिरलं, आग लागली किंवा चोरी झाली की दोन्ही एकदम जातील. एक ऑफिसात आणि दुसरी दुसऱ्या वाडीतल्या सचिव ताईंच्या घरी असू द्या.

दुसरी डिस्क घेणं आत्ता परवडत नसेल तर अगदी महत्त्वाचे फोटो गुगल फोटोजवर ठेवा. तिथे १५ जीबी फुकट मिळतात, त्यात जीमेलही धरलेलं असतं. एक लक्षात ठेवा, बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजमधून डिलीट केला तर तो फोनमधून आणि इंटरनेटवरून दोन्हीकडून जातो. चुकून गेलाच तर त्याच ॲपच्या कचरापेटीत ६० दिवस सापडतो.

जपणूक

डिस्क चालू असताना हलवायची नाही आणि टेबलाच्या कडेला ठेवायची नाही. ओल लागू नये म्हणून डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाका. "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारलं तर "कॅन्सल" दाबा आणि आम्हाला फोन करा. टक-टक आवाज आला तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावून बघितलं तर नुकसान वाढतं.

बियाणं पेरणीच्या आधी बाहेर काढून कीड लागली का बघतो ना? तशी डिस्कसुद्धा सहा महिन्यांनी जोडून फोटो उघडून बघा. डिस्क कायम टिकत नाही. जुनी झाली की कुरबुर सुरू होण्याआधीच नवीवर प्रत घ्या.

आणखी एक गोष्ट

आपल्या फोटोंत आधार कार्ड असतं, पासबुक असतं, लेकीबाळी असतात. कुणाचेही फोटो तिला विचारल्याशिवाय सगळ्यांच्या डिस्कवर घेऊ नका. डिस्क कुठल्याही दुकानात ठेवून येऊ नका. काम होईपर्यंत एकीने तिथेच बसावं. डिस्क कुणी नेली, कधी परत आणली, हे रजिस्टरला लिहून सही घ्या.

या महिन्याच्या बैठकीत करायचं काम

- प्रत्येकीने हरवून चालणार नाहीत असे दहा फोटो निवडावेत. घरातले पाच, गटाचे पाच.
- ते आज किती ठिकाणी आहेत ते एकमेकींना सांगावं. "एकाच ठिकाणी" म्हणणाऱ्या किती जणी, ते इतिवृत्तात लिहावं.
- डिस्क कुणाकडे राहील आणि दर सहा महिन्यांनी कोण तपासेल, त्या दोन ताईंची नावं ठरवावीत.

ऑफिसात आता दोन डिस्क आहेत. दुसरी माझ्याकडे नाही. ज्या ताईंच्या आईचा फोटो गेला, त्यांच्याकडेच ती सांभाळायला दिली आहे. त्यांनी ती धान्याच्या कोठीशेजारी पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. परवा गेले तर डब्यावर खडूने लिहिलेलं दिसलं, "बियाणं".